औंस कुणाचा, मण कुठला?

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहून गेलो, 'एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम.' कुठला औंस, हे लिहायचं राहिलं आणि त्या एका शब्दापायी टपालाचा ढीग पडला. कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका सराफांनी पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं : "तुमच्या औंसानं सोनं खरेदी करायला बसलो, तर आठवड्यात दुकानाला कुलूप लागेल." चूक कबूल. म्हणून या वेळचं सगळं सदर जुन्या वजनांच्या नावानं.

नव्या वाचकांसाठी : मी सोलापूरचा काटेवाला. वडिलांचं काटे-वजनं दुरुस्तीचं दुकान होतं, तेच मी चाळीस वर्षं चालवलं. कुणाच्याही दुकानात गेलो की आधी काट्याची दांडी बघतो, माल नंतर.

पत्रांकडे वळण्याआधी एक किल्ली हातात देतो. पुढचे निम्मे हिशोब तिच्यानंच उघडतात. इंग्रजी वजनांचा मूळपुरुष म्हणजे ग्रेन. नाव धान्याच्या दाण्यावरून पडलेलं. बाजाराच्या औंसाचं सराफाच्या आणि औषधवाल्याच्या औंसाशी पटत नाही, पण ग्रेन तिघांचा एकच. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. बाजारी पौंडात ७००० ग्रेन आणि औंस १६, म्हणजे औंसाला ४३७.५ ग्रेन. सराफी पौंडात, ज्याला ट्रॉय म्हणतात, ५७६० ग्रेन आणि औंस १२, म्हणजे औंसाला ४८० ग्रेन. दोन वजनांत भांडण लागलं की दोघांनाही ग्रेनपर्यंत खाली उतरवायचं आणि मग हवं तिकडं वर चढायचं. अधेमधे उडी मारली की पाय मोडला.

*

पुण्याचे एक निवृत्त शिक्षक विचारतात : सोन्याचा भाव औंसाला ३००० डॉलर धरला, तर २८.३५ नं भागून ग्रॅमला जवळपास १०६ डॉलर येतात. पण एका तक्त्यात ९६ च दिसतात. कोण चुकतंय?

सर, चुकलात तुम्ही, पण चुकवलं मी. सोन्याचांदीचा औंस जगभर सराफी, ४८० ग्रेनचा, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅमचा. ३००० ला त्यानं भागा, ९६.४५ येतील. दोन औंसांत दर शेकडा पावणेदहाचा फरक पडतो. किराण्यात तो खपेल, सोन्यात घर बुडवेल.

हा फरक मी पुस्तकातून शिकलो नाही. बावीस वर्षांचा असताना एका जुन्या सोनाराच्या घरून पितळी वजनांची पेटी दुरुस्तीला आली. आत मखमलीच्या खोबणीत बसवलेली टिकलीएवढी, बोराएवढी वजनं. त्यातलं औंसाचं वजन मी आमच्या बारीक काट्यावर ठेवलं तर ३१ ग्रॅमच्या वर. मला माहीत होता २८.३५. म्हटलं, वापरून झिजलेलं वजन हलकं होतं हे ऐकलंय, हे जड कसं झालं? कुणीतरी मापात पाप केलेलं दिसतंय. काढली कानस आणि लागलो घासायला. घासायचं, तोलायचं, पुन्हा घासायचं. ओट्यावर पितळेचा पिवळा कीस साठला. वडील जेवून आले, त्यांनी कीस बघितला, वजन उचललं, भिंग डोळ्याला लावलं आणि मला दिलं. वजनाच्या डोक्यावर इंग्रजीत बारीक 'ट्रॉय' कोरलेलं. वडील काही बोलले नाहीत. सोनाराच्या घरच्यांना नवं वजन आपल्या खिशातून करून दिलं आणि ते अर्धवट घासलेलं माझ्या खणात टाकलं. आजही तिथंच आहे. २९.६ ग्रॅम भरतं. ना धड सराफी, ना धड बाजारी.

याच पत्रात सरांनी शाळेतलं कोडं घातलंय : एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? किलोत दोन्ही सारखेच, फसतो तो पोरगा. पण जुन्या इंग्रजी वजनांत हेच कोडं कापूस आणि सोन्याचं घाला. कापूस बाजारी पौंडानं तोलायचा, ७००० ग्रेन. सोनं सराफी पौंडानं, ५७६० ग्रेन. तेव्हा एक पौंड कापूस एक पौंड सोन्यापेक्षा खरोखरच जड! आणि औंसावर या की पारडं फिरलं : सोन्याचा औंस ४८० ग्रेन, कापसाचा ४३७.५. म्हणजे पौंडात कापूस जड आणि औंसात सोनं जड. पुढच्या स्नेहसंमेलनात विचारा, मुख्याध्यापकही गप्प बसतील.

*

साताऱ्याहून एक ताई लिहितात : आईच्या वहीत पाटल्यांची नोंद आहे, '४ तोळे ३ मासे २ गुंजा.' सराफानं तोलल्या तर ४९.६ ग्रॅम भरल्या. धाकटी बहीण म्हणते, तोळ्याचे दहा ग्रॅम, म्हणजे ४२-४३ ग्रॅमच हव्यात. आईनं नंतर त्यात सोनं घातलं असणार, ते कुणाचं? तिघी बहिणींत तेढ आलीय.

ताई, धाकटीला बोलवा आणि हे तिघींनी मिळून वाचा. सोनं कुणी घातलेलं नाही. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, ती बोलायची सोय. आईचा तोळा वेगळा. १८३३ मध्ये कंपनी सरकारनं तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि चांदीचा कलदार रुपयाही त्याच वजनाचा ठेवला. रुपया हेच तोळ्याचं वजन, घरोघरी. १८० ग्रेन म्हणजे ११.६६४ ग्रॅम. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा.

आता ग्रेनची किल्ली लावा. चार तोळे म्हणजे ७२० ग्रेन. मासा १५ ग्रेनचा, तीन माशांचे ४५. गुंज पावणेदोन ग्रेनपेक्षा थोडी जास्त, १.८७५, दोन गुंजांचे ३.७५. बेरीज ७६८.७५ ग्रेन. त्याला ६४.८ मिलिग्रॅमनं गुणा, ४९.८ ग्रॅम येतात. सराफाकडं ४९.६ भरलं. वीस-पंचवीस सेंटिग्रॅम आईच्या मनगटावर झिजलं. रोज घातलेल्या पाटल्यांना एवढं चालायचंच.

गुंज म्हणजे तीच, लाल अंगाची, काळ्या डोळ्याची बी. पिशवीत घालून सोनार ती वजन म्हणून वापरत. खरी बी एकसारखी भरत नाही, म्हणून कागदावरची गुंज ठरावीक आणि पिशवीतली निवडून घेतलेली. घरात लहान मूल असेल तर मात्र हौसेनं आणून ठेवू नका, बी विषारी असते.

आणि तोळ्याचं नातं सराफी औंसाशी अगदी स्वच्छ आहे : ४८० पैकी १८०, म्हणजे औंसाचे आठ भाग केले तर त्यातले तीन. दहा तोळ्यांचं सोन्याचं बिस्किट परदेशी माणूस पावणेचार औंसांचं म्हणतो ते यामुळं.

*

सांगलीहून एक वाचक : पणजोबा मुंबईच्या पेढीला हळद पाठवायचे. त्यांच्या चोपडीत वजनाखाली तीन रकाने आहेत, '३ – २ – १९', डोक्यावर इंग्रजीत सी-डब्ल्यू-टी, क्यू-आर आणि एल-बी. भाव १४ रुपये. रक्कम ५१ रुपये ६ आणे. हे जुळतं कसं?

हे पत्र आलं त्या दिवशी मी दुपारचा झोपलो नाही.

सी म्हणजे रोमन शंभर, डब्ल्यू-टी म्हणजे वेट. हंड्रेडवेट. पण शंभर पौंडांचं नव्हे बरं का, ११२ चं. क्यू-आर म्हणजे त्याचा चौथा भाग, क्वार्टर, २८ पौंड. एल-बी म्हणजे पौंड; लॅटिनमध्ये 'लिब्रा', आपली तूळ रास इंग्रजीत जी लिब्रा होते तीच. मुंबईच्या जुन्या माणसांचा रत्तल हाच.

११२ का, तर स्टोनमुळं. लोकरीचा स्टोन १४ पौंडांचा, हे तिसऱ्या एडवर्डच्या काळातलं, चौदाव्या शतकातलं. असे दोन स्टोन म्हणजे क्वार्टर, आठ स्टोन म्हणजे हंड्रेडवेट, वीस हंड्रेडवेट म्हणजे टन. टनाचे पौंड म्हणून २२४०. आणि बाकीच्या मालाला स्टोन वेगळाच. लंडनच्या स्मिथफिल्डचा खाटीक मांस ८ पौंडांच्या स्टोननं विकायचा. आपण आपल्या शेर-पायलीला नावं ठेवतो. १८२४ च्या कायद्यानं साम्राज्याची मापं एकसारखी करायला घेतली तेव्हा कुठं विलायतेत थोडी शिस्त आली.

आता हिशोब. ३ हंड्रेडवेटचे ३३६ पौंड, २ क्वार्टरचे ५६, वरचे १९. एकूण ४११ पौंड, म्हणजे १८६ किलो ४२६ ग्रॅम. भाव हंड्रेडवेटला १४ रुपये. ४११ ला ११२ नं भागा, १४ नं गुणा : ५१.३७५. आणि .३७५ रुपया म्हणजे सोळातले सहा आणे. पणजोबा पैनं चुकलेले नाहीत.

पण पणजोबा असा भागाकार करत बसले नसतील. हंड्रेडवेटला ७ रुपये म्हणजे ११२ आणे, म्हणजे पौंडाला बरोबर एक आणा. १४ रुपये म्हणजे दोन आणे. ४११ पौंड दुणे ८२२ आणे, भागिले १६, झाले ५१ रुपये ६ आणे. तोंडी! ११२ हा आकडा आपल्याला वेडगळ वाटतो, पण सोळा आण्यांच्या रुपयाशी त्याचं सूत जमत होतं. पक्क्या मणाचंही तसंच. मण चाळीस शेरांचा, म्हणून मणाला अडीच रुपये की शेराला आणा. दशमान आल्यावर एका पिढीची ही सगळी तोंडपाठ विद्या रद्दीत गेली. मला किलोचं कौतुकच आहे, पोट त्याच्यावर भरलंय, पण हेही खरं.

चोपडी पुढं वाचताना एक ताळा ठेवा. क्वार्टरच्या रकान्यात ३ च्या वर आणि पौंडाच्या रकान्यात २७ च्या वर आकडा येता कामा नये. आला, तर तो रकाना दुसऱ्या कसल्या तरी मापाचा आहे किंवा बारदान वजा करायच्या आधीचा आहे. अमेरिकेला गेलेला माल असेल तर आणखी घोळ : त्यांचं हंड्रेडवेट सरळ १०० पौंडांचं आणि टन २००० चा.

*

यवतमाळ जिल्ह्यातून एक कापूस उत्पादक : आमच्याकडं खंडी म्हणजे वीस मण. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, बाजारभाव मात्र 'खंडीला इतके हजार' असा सांगतात आणि विचारलं तर म्हणतात ३५६ किलो. वीस मणांचे तर साडेसातशे किलो होतात. आम्हाला कुणी बनवतंय का?

दादा, या बाबतीत तरी नाही. तुमचा मण पक्का, ४० शेरांचा, ३७.३२ किलोचा. वीस मण म्हणजे ७४६ किलो, बरोबर आहे. पण मुंबईचा मण वेगळा होता. जुना मुंबई मण २८ पौंडांचा, वर सांगितलेल्या इंग्रजी क्वार्टरशी तंतोतंत जुळणारा. असे वीस मण म्हणजे मुंबईची साधी खंडी, ५६० पौंड. कापसाला मात्र खंडी २८ मणांची धरत. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४ पौंड. त्याचे किलो ३५५.६, तोंडी ३५६. ७८४ ला ११२ नं भागून बघा, बरोबर ७ हंड्रेडवेट. लिव्हरपूलला माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला एवढी सोयीची खंडी दुसरी कुठली मिळणार?

गिरण्यांच्या जुन्या आकडेवारीत ३९२ पौंडांची गाठ दिसते, ती याच खंडीची निम्मी. आज आपली गाठ १७० किलोची आहे. गिरण्या गेल्या, हंड्रेडवेट गेलं, पौंड कायद्यानं गेला, खंडी मात्र रुईच्या बाजारात ठाण मांडून बसलीय.

तुमच्या उपयोगाचे दोन हिशोब देतो. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघते असं धरलं, तर एका खंडीला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. खंडीच्या भावाला साडेदहानं भागलं की क्विंटलमागं निव्वळ रुईचे किती ते कळेल. सरकीचे पैसे त्याच्यावर, जिनिंगचा खर्च त्यातून वजा. तुमच्या वाणाचा उतारा ३४ नसेल तर आकडा बदलेल, जिनिंगवाल्याला विचारून घ्या.

दुसरा, न्यूयॉर्कच्या भावाचा. तिथं पौंडाला इतके सेंट असा भाव असतो. सेंटला ७.८४ नं गुणलं की खंडीचे डॉलर. समजा ७० सेंट : ५४८ डॉलर ८० सेंट. डॉलर ८५ रुपये धरला तर खंडीला ४६,६४८ रुपये. भाडं, दर्जा, आयातशुल्क यांचा विचार यात नाही, पण कुणी ओट्यावर बसून 'न्यूयॉर्क पडलं, न्यूयॉर्क पडलं' म्हणून घाबरवत असेल, तर किती पडलं ते तरी आपल्या बोटांवर मोजता येईल.

*

नाशिकहून एक आजी : इंग्लंडात लेस्टरला नात झाली. मुलगा फोनवर म्हणाला, 'सेव्हन पाउंड इलेव्हन.' मी शेजारच्या मुलाकडून ७.११ गुणिले ४५४ करून घेतलं, सव्वातीन किलो आलं. सून म्हणते साडेतीन. शिवाय व्याही तेरा स्टोनचे झालेत म्हणे. म्हणजे किती?

आजी, अभिनंदन! सून बरोबर आहे. पौंडानंतरचा आकडा दशांश नव्हे, औंस. आणि औंस सोळांचा. ७ पौंडांचे ३१७५ ग्रॅम, ११ औंसांचे ३१२. एकूण ३४८७ ग्रॅम, साडेतीन किलोला जरा कमी. शेजारच्या मुलानं टिंब दिलं आणि नातीचं पाव किलोहून जास्त वजन खाल्लं.

तिकडं दवाखान्यात किलोतच तोलतात, पण घरात आजी-आजोबांना पौंडातच सांगायची रीत आहे. आपल्याकडं तरी कुठं वेगळं होतं? माझ्या जन्माच्या वेळी सुईणीनं 'सात पौंडी' म्हटल्याचं आई सांगायची. तिच्याकडं काटा होता की नुसता हाताचा अंदाज, देव जाणे.

व्याह्यांचं सोपं आहे. स्टोन ६.३५ किलोचा, तेरा म्हणजे साडेब्याऐंशी किलो. आपल्या भाषेत दोन मण साडेआठ शेर. त्यांना हे सांगू नका.

*

बेळगावहून एक वाचक भगिनी : आत्याच्या वहीत केकची कृती आहे, 'अर्धा रत्तल लोणी, अर्धा रत्तल साखर, अर्धा रत्तल मैदा, ४ अंडी.' माझ्याकडं ८ औंसाचा खुणांचा कप आहे. अर्धा रत्तल म्हणजे ८ औंस, म्हणून कपभर मैदा घेतला, तर केक बसला.

कपावरचा औंस वजनाचा नाही, आकारमानाचा. पाण्याच्या बाबतीत दोघं जुळतात, कारण इंग्रजी गॅलन ठरवलाच मुळी दहा पौंड पाण्याचा. म्हणून दुधाच्या बाटलीवर घोळ होत नाही. मैदा मात्र हलका, पोकळ. ८ औंसाच्या कपात तो जेमतेम सव्वाशे ग्रॅम भरतो आणि तुम्हाला हवा होता २२७. लोणी-साखर पूर्ण आणि मैदा निम्मा, मग केक बसेल नाही तर काय करेल!

तिन्ही जिन्नस काट्यावर २२७-२२७ ग्रॅम घ्या. अंडं साधारण दोन औंसांचं धरलेलं आहे, म्हणून चार. सगळं समसमान. मूळ कृतीत प्रत्येक जिन्नस एकेक पौंड, म्हणूनच इंग्रज त्याला पाउंड केक म्हणतो. अंडी लहान असतील तर पाच घ्या आणि तीही तोलून.

याच पत्राच्या कडेला तुम्ही विचारलंय की बेकरीत 'एक पौंडाचा केक' मागितला तर किती मिळायला हवा. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. कुणी त्या नावाखाली अर्धा किलो देतं, कुणी साडेचारशे. कायद्याप्रमाणं भाव आणि वजन किलो-ग्रॅममध्येच सांगायला हवं. १९५६ च्या कायद्यानं किलो आला आणि १९६२ च्या एप्रिलपासून बाकी सगळ्या पद्धती बंद झाल्या. तेव्हा वाद घालू नका, 'किती ग्रॅमचा?' एवढंच विचारा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यासकट तोलू देऊ नका. आधी खोक्याचा धडा करायला, म्हणजे रिकाम्या खोक्याचं वजन वगळायला लावा.

*

ठाण्याहून बारावीतला एक विद्यार्थी : जुनी इंग्रजी वजनं आज कुठंच वापरात नाहीत, मग ती शिकायची कशाला?

घरातला औषधांचा डबा उघड. अंगदुखीच्या पाकिटावर पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम लिहिलेलं दिसेल. तीनशे का नाही, साडेतीनशे का नाही? कारण पूर्वी गोळी ५ ग्रेनची असे. ५ ग्रेन म्हणजे ३२४ मिलिग्रॅम, तेच ३२५ झालं. तापाची ६५० ची गोळी म्हणजे १० ग्रेन. मग छताजवळ बघ. दीड टनाचा एसी दीड टन वजनाचा नसतो. अमेरिकन टनभर, म्हणजे २००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी ओढणारं यंत्र एक टनाचं. ते ३.५ किलोवॉट भरतं. हे सगळं परीक्षेत येणार नाही, तेव्हा आधी अभ्यासाचं बघ.

*

अंबाजोगाईहून एक काकू : वाडा पाडताना कडीचं चौकोनी लोखंडी वजन सापडलं. वर '५६' आहे. आमचे हे म्हणतात ५६ शेर, भंगारवाला म्हणतो ५६ किलो पण भाव लोखंडाचाच देईन. मला ते लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवायचंय.

काकू, दोघंही चुकलेत. ५६ पौंड आहे ते, अर्ध हंड्रेडवेट. २५ किलो ४०० ग्रॅम. ५६ शेर असतं तर ५२ किलोच्या वर गेलं असतं आणि तुम्ही ते अंगणातून हलवू शकला नसता. शेराच्या वजनांत ५६ हा आकडा सहसा यायचाही नाही. पाच शेरांची पासरी, दहा, वीस, मग मण, अशी ती चढण. ७, १४, २८, ५६ ही चढण दिसली की समजावं, इंग्रजी.

आता ते आडवं करून बुड किंवा बाजू बघा. कुठंतरी एक खळगा असेल आणि त्यात शिसं ओतून ठोकलेलं असेल. वजन ओतल्यावर ते कधी नेमकं भरत नाही. मुद्दाम थोडं हलकं ओतायचं आणि कमी पडेल तेवढं शिसं त्या खळग्यात घालायचं. तपासनीसाचा शिक्का त्या शिशावरच बसतो, म्हणजे कुणी शिसं उकरून वजन हलकं केलं तर शिक्काच जातो. काडीनं मळ काढा आणि शिक्का दिसतो का बघा. दिसला तर भंगारात घालू नका. मला फोटो पाठवा, मी बघून सांगतो.

लोणच्याचं म्हणाल तर शिसं आहे म्हणून ते बरणीच्या जवळही नेऊ नका. शिवाय खार लागला की लोखंड गंजेल, आणि पंचवीस किलोखाली बरणी राहील का? दोन किलोचा नदीचा गोटा घ्या, उकळून उन्हात वाळवा, पांढऱ्या फडक्यात बांधा आणि फोडींवर ठेवा. आमच्याकडं तेच वापरतात, काटेवाल्याचं घर असूनही.